एक रिंग म्हणजे बरी आहे

विमानातून उतरून तास झाला नसेल, तोवर माझ्या फोनने महिन्याच्या वाणसामानाएवढे पैसे खाऊन ढेकर दिला होता. मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. पर्समध्ये पडल्या पडल्या तो आपल्याच मनाने फोटो कुठेतरी चढवत होता, हवामान बघत होता, कोण जाणे आणखी काय काय करत होता. मला न्यायला आलेल्या कंपनीच्या इंजिनियरने तो मेसेज वाचला आणि विचारलं, "मॅडम, डेटा रोमिंग बंद नव्हतं केलं?" केलं असतं तर पैसे गेले असते का? काही माणसांना घर जळून गेल्यावर "आग लागली होती का" असं विचारायची खोड असते.

पण माणूस भला होता. त्याने बसल्या जागी फोनमधलं सगळं बंद करून दिलं आणि समजावलं, "कोणाचा फोन आला आणि उचललात की मीटर सुरू. तुम्ही लावलात आणि पलीकडच्याने उचलला तरी मीटर सुरू. नुसता वाजला तर फुकट." दुसऱ्या दिवशी तो परत गेला. त्या देशात माझी भाषा येणारा तेवढाच एक होता.

नुसता वाजला तर फुकट, हे मला त्याने सांगायची गरज नव्हती. आमच्या ताईने ते निघायच्या आधीच ठरवून दिलं होतं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायची. तेव्हा लांबचा फोन तीन मिनिटांचा असे, आणि तीन मिनिटं भरली की मध्येच तिचा आवाज येई, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" माणूस "वाढवा" म्हणाला तर ठीक, नाहीतर कट. नोकरी संपली तरी तिची सवय गेली नाही. पाहुणे लांबले की ती स्वयंपाकघरातून तेच म्हणायची. मी न्हाणीघरात जरा रेंगाळले की दारावर टकटक, "तीन मिनिटं झाली." आवाज मात्र असा खणखणीत, की समोरच्या काकू आपल्या घरातला नळ बंद करत.

लग्न आमचं दोघींचंही झालं नाही. का नाही झालं ते ज्यांना विचारायचं होतं त्यांनी वेळेवर विचारून घेतलं, आता त्यात काही राम नाही. आई-वडील गेल्यावर दोन खोल्या आणि आम्ही दोघी. मी कपड्यांच्या कारखान्यात. आधी शिवायची, मग शिवायला शिकवू लागले. शर्टाची कॉलर ही माझी खासियत. कॉलरचं टोक उलटवताना आतला दोरा किती ओढायचा, हे बोटांना कळावं लागतं, ते तोंडाने सांगून येत नाही. म्हणूनच भाषा येत नसताना कंपनीने मला पाठवलं. नवा कारखाना, नवा देश, तिथल्या बायकांना अडीच महिन्यांत कॉलर बसवायला शिकवायची.

ताई म्हणाली, "चोपन्नाव्या वर्षी काय ही दुर्बुद्धी? जाऊ नकोस."

मी म्हटलं, जाणार. तिने पंधरा दिवस तेच तेच लावून धरलं. सकाळी चहाला तेच, झोपताना तेच. शेवटी मी म्हणाले, "तीस वर्षं तुझा आवाज ऐकून कान किटले माझे. अडीच महिने मला तो नको आहे."

बोलून गेले. तोंडातून गेलेला शब्द काही बॉबिनवर परत गुंडाळता येत नाही. ताई तेव्हा भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मग ऐकू नकोस," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी तिने कागदावर नियम लिहून हातात दिले. एक रिंग म्हणजे उठले, बरी आहे. दोन म्हणजे निरोप आहे, सवडीने फोन कर. तीन म्हणजे ताबडतोब कर. मी संध्याकाळी खोलीवर पोचले की माझ्याकडून एक, म्हणजे आले, जेवले. दोघींनीही उचलायचा नाही. "चौथी रिंग आपल्या घराण्यात नाही," असं म्हणून तिने पेनाला टोपण लावलं. तिच्याकडे बटणांचाच फोन. मी दिलेला मोठा फोन तिने कपाटात साड्यांखाली ठेवला होता. नव्या फोनमध्ये दाबल्यासारखं वाटत नाही, ही तिची तक्रार. जुन्या फोनचं लाल बटण मात्र इतकं झिजलं होतं की दोन-दोनदा दाबावं लागे.

पैसे वाचवायचे म्हणून हे ठरलं, असं आम्ही दोघी एकमेकींना भासवत होतो. पैसे वाचतच होते. पण माफी मागायला तोंड लागतं आणि मिस कॉलला तोंड लागत नाही, ही सोय काही लहान नव्हती.

मला मिळालेली खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लोखंडी खाट, एक खुर्ची, एक शेगडी आणि धुलाईच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर उघडणारी खिडकी. त्या भिंतीतल्या पाइपातून दिवसभर वाफ यायची. पहिला आठवडा मी राणीसारखी राहिले. न्हाणीघरात पाऊण तास घालवला. चहाचा कप उष्टा तसाच ठेवला, कोणी बोललं नाही. मला काय हवं होतं, हेच ना? हौसेला मोल नसतं.

दुसऱ्या आठवड्यात मी शेगडीशी बोलू लागले. "पेट की गं बाई," इथपासून सुरुवात झाली. मग खुर्चीशी. कारखान्यात माझ्याकडे सगळे मिळून पाच शब्द होते, त्या लोकांच्या भाषेतले: हो, नाही, पुन्हा, हळू, छान. तीस बायका माझ्याभोवती उभ्या राहत, मी कॉलर उलटवून दाखवायची आणि म्हणायची "हळू", मग "पुन्हा". जेवणाच्या सुट्टीत त्या एकमेकींत हसायच्या. कोणी वाईट नव्हतं. मला जागा करून द्यायच्या, आपल्या डब्यातलं पुढे करायच्या. पण हसण्याचं कारण कळत नसलं की आपलं हसू चेहऱ्यावर किती वेळ धरून ठेवायचं हा प्रश्नच पडतो. गाल दुखतात.

आणि खरं सांगायचं तर मी दिवसभरात एका रिंगसाठी जगत होते. कारखान्याच्या फाटकावर पावणेआठला आमची रांग लागे, कारण फोन तिथल्या कपाटात जमा करूनच आत जायचं असा नियम. रांगेत असतानाच माझा फोन वाजायचा. ट्रिंग, आणि बंद. उठले, बरी आहे. मी आठवडाभर तो नुसता ऐकला आणि मग एकदा हिशोब लागला. माझे पावणेआठ म्हणजे घरी सव्वापाच. ताई जन्मात सहाच्या आधी उठली नाही. फोन माझ्या हातात असताना वाजावा म्हणून ती अंधारात उठून बसत होती. त्या दिवशी मी एका मुलीची कॉलर विनाकारण चारदा उसवली.

रांगेतल्या बायकांनाही ती रिंग पाठ झाली. माझ्या मागे उभी राहणारी चष्मेवाली तर वाजायच्या आधीच माझ्या फोनकडे बोट दाखवायची, आणि वाजला की "छान" म्हणायची. तो शब्द तिने माझ्याकडून मशीनवर इतक्या वेळा ऐकला होता की माझ्याशी बोलायला तिला तोच योग्य वाटला असावा.

पाचव्या आठवड्यातली गोष्ट. गुरुवार. फोन वाजला. ट्रिंग. मी पर्सची चेन लावायला घेतली. पुन्हा ट्रिंग. दोन, म्हणजे निरोप असेल. तिसरी. मी रिंग थांबायची वाट बघू लागले, म्हणजे ताबडतोब लावता येईल. पण चौथी वाजली, पाचवी वाजली. चौथी रिंग आमच्या घराण्यात नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला: लाल बटण! दाबतेय बिचारी आणि बंद होत नाहीये. मी उचलला असता तर माझे पैसे गेले असते आणि तिने महिनाभर तोंड वाकडं केलं असतं. म्हणून मीच कापला.

लगेच पुन्हा वाजला. आता हिरवं बटण दाबलं गेलं असणार. मी पुन्हा कापला. कपाटवाला हात पुढे करून उभाच होता. मी फोन त्याच्या हातात दिला आणि आत गेले. दिवसभर मला आपल्या हुशारीचं कौतुक वाटत होतं, हे लिहायला आता लाज वाटते.

संध्याकाळी खोलीवर येऊन माझी एक रिंग द्यायला गेले, तर फोन बंद. ती रेकॉर्डवरची बाई गोड आवाजात तेच तेच सांगत होती. ताई त्या बाईचा फार राग करायची. "मेलीच्या आवाजात जीव नाही," म्हणायची.

शुक्रवारी रांगेत फोन वाजला नाही. चष्मेवालीने बोट दाखवलं, थांबली, बोट खाली घेतलं.

मग मला समजलं की मी किती अडाणी आहे. माझ्या फोनमध्ये दोनच नंबर होते. एक ताईचा, एक कंपनीचा. समोरच्या काकू, डॉक्टर, मावसभाऊ, गॅसवाला, सगळ्यांचे नंबर ताईला तोंडपाठ. तीस वर्षं नंबर जोडलेल्या बाईच्या घरात कोणी वही ठेवतं का? कोणाला लावायचा असला की मी आतून ओरडायची आणि ती बाहेरून आकडे सांगायची. आता त्या वहीचाच पत्ता नव्हता. तिला काही झालं आहे का हे विचारायलाही मला तीच हवी होती.

शेवटी कंपनीला लावला. ऑफिसातल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मॅडम, मिस कॉल आला नाही, म्हणजे नक्की काय झालं?" काय सांगणार तिला? तिने सोमवारी कोणाला तरी घरी पाठवते म्हटलं. एवढ्या बोलण्यात माझी शिल्लक निम्मी झाली. शुक्रवार ते सोमवार तीन दिवस असतात, हे तिला कोणी सांगावं?

शनिवारीही रिंग नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. ताई न्हाणीघरात पडलेली दिसायची, जिन्यात पडलेली दिसायची. काकू दार वाजवतायत आणि ताई उघडत नाहीये, असं दिसायचं. त्या दोन फोनांनी ती मला हाक मारत होती आणि मी हाक कापली. दुपारी माझ्याच हातून कॉलरचं टोक फाटलं. आजूबाजूची मशीनं थांबली.

सुटल्यावर चष्मेवालीने माझं मनगट धरलं आणि दोन रस्ते ओलांडून एका दुकानात नेलं. फोनची कव्हरं, छत्र्या, सेल आणि खेळणी असं सगळं एकत्र विकणारं दुकान. तिने दुकानदाराला माझा फोन दाखवला, हाताने विमान उडवून दाखवलं, कानाशी मूठ धरली. त्याने एक नवीन सिम माझ्या फोनमध्ये जुन्याच्या शेजारी बसवलं आणि एक कार्ड काढलं. कार्डावरचा चंदेरी पट्टा नाण्याने खरवडायचा, आतला आकडा दाबायचा की घरी दहा मिनिटं बोलता येतं, असं त्याने बोटांवर सांगितलं. किंमत रोमिंगच्या मानाने काहीच नव्हती. पाच आठवडे मी त्या दुकानावरून रोज जात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

पण शनिवारी संध्याकाळी नव्या नंबरावरूनही तीच बाई बोलली. रविवारी सकाळी तीच. सुट्टी होती. मी खाटेवर बसून दर अर्ध्या तासाने लावत होते. दुपारी दोनच्या सुमाराला लावला आणि वाजला.

एक. दोन. तीन. मी उभी राहिले. चार. पाच. सहा. आणि कट.

कोणीतरी कापला होता. लाल बटण नीट दाबून, एका दणक्यात. एवढा ठसका दुसऱ्या कोणाच्या अंगठ्यात नाही. माझ्या तोंडावर दार आपटलं गेलं आणि मला एवढा आनंद झाला की मी खुर्चीला म्हणाले, "आहे गं, आहे!"

पुन्हा लावला. या वेळी तिने उचलला.

"हॅलो."

आवाज तिचाच होता, पण पार खाली गेलेला.

"ताई, मी."

"ओळखलं. बाहेरच्या देशातून मला दुसरं कोण फोन करणार?"

"मग कापलास का?"

"तू का कापलास?"

"मला वाटलं, तुझं बटण अडकलं."

"बटणाला काही झालेलं नाही."

"मग चौथी रिंग कशाला दिलीस? तूच म्हणाली होतीस ना, चौथी रिंग—"

"पैसे जातायत तुझे."

"जाऊ देत. सांग."

ती घसा खाकरली. दोनदा. "काकू लेकीकडे गेल्यात. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो. मला काही बोलायचं कामच पडलं नाही. बुधवारी वाण्याकडे गेले. साखर द्या म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. नुसती हवा. तो पोरगा काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, आजी, लिहून द्या. मला! मला लिहून द्यायला सांगितलं त्याने."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घरी आले. आकडे म्हणून बघितले, एक्स्चेंजमध्ये म्हणायचो तसे. धड निघेनात. चार दिवसांत कोणाशी एक शब्द बोलले नव्हते, हे तेव्हा कळलं. मग सकाळी तुला लावला. म्हटलं, बघावं तरी, आहे का आवाज."

"आणि मी कापला."

"दोनदा," ताई म्हणाली. आकड्याला ती कधी चुकत नाही. "तीस वर्षं मी लोकांचे कापले. रडत बोलणाऱ्यांचेसुद्धा कापले, नियमच होता. माझा कोणी कापला नव्हता. मग फोन बंद करून ठेवला. म्हटलं, नको आहे ना आवाज, नको तर नको."

तेवढ्यासाठी बाईने मला तीन दिवस मेल्याहून मेल्यासारखं केलं होतं. राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण मला ती दिसत होती. पहाटे सव्वापाचला खुर्चीत ताठ बसलेली, फोन हातात, घसा साफ करून घेतलेला.

"ताई," मी म्हटलं, "निघताना मी जे बोलले ना, ते—"

फोनमध्ये टूं टूं झालं आणि पडद्यावर त्या लोकांच्या भाषेत एक ओळ आली. वाचता आली नाही तरी कळली. कार्ड संपलं होतं.

तिसऱ्यांदा. आता तिसऱ्यांदा कापला होता मी तिचा, नेमका बोलता बोलता. घरी ताई लाल बटणाकडे बघत बसली असेल आणि फोन पुन्हा बंद करायला तिला एक क्षण पुरेल. घाईत फोनमधल्या जुन्या सिमवर जायचं कसं तेच आठवेना. कुठेतरी भलतंच दाबलं गेलं, कॅमेरा उघडला, त्यात माझाच ओला चेहरा दिसला.

आणि फोन वाजला. ताईचा नंबर, माझ्या जुन्या सिमवर. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत मी उचलला.

"कापलास?" ताईने विचारलं.

"नाही गं. कार्ड संपलं."

"किती मिनिटांचं होतं?"

"दहा म्हणाला होता."

"सहाच झाली. फसवलं तुला." मग जराशाने, "मीटर पडत असेल आता."

"पडू दे."

"काय म्हणत होतीस? निघताना काय बोललीस?"

तिला माहीत होतं. तिला माझ्या तोंडून हवं होतं आणि तो तिचा हक्क होता.

"तुझा आवाज ऐकून कान किटले म्हणाले होते."

"म्हणाली होतीस."

"तेव्हा किटले होते, ताई. खोटं कशाला बोलू? आता इथे मी शेगडीशी बोलते. चुकले मी. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही."

तिला काही सुचेना. मलाही सुचलं नाही. तीस वर्षं एका घरात काढलेल्या बायकांकडे एकमेकींना सांगण्यासारखं नवं असतं काय? मी खाटेवर बसले. तिच्या बाजूला भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. ती श्वास घेत होती, मधूनच घसा साफ करत होती. खिडकीबाहेर पाइपातून वाफ येत होती. अजून पाच आठवडे होते. मी फोन कानाला इतका घट्ट धरला होता की कान तापला.

मग ताईचा आवाज आला. खणखणीत नाही, पण स्वच्छ, एक्स्चेंजमधला.

"तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

"वाढवा," मी म्हटलं.